नाबोथाची पथारी

बायबलात दोन यहोराम होते आणि दोघंही एकाच वेळी राज्य करत होते, इथे प्रमिलाचं डोकं फिरायला लागलं. एक उत्तरेला शोमरोनात, दुसरा दक्षिणेला यरुशलेमात. त्यात दुसऱ्याची बायको पहिल्याची बहीण. म्हणजे मेहुणे-मेहुणे, नाव एकच आणि दोघंही राजे. एवढ्यावर भागत नव्हतं. पहिल्या यहोरामाच्या भावाचं नाव अहज्या आणि दुसऱ्या यहोरामाच्या मुलाचं नावही अहज्याच.

“कोणता यहोराम?” पाळकआबा ओसरीवरच्या खाटेवरून विचारायचे.

“उत्तरेकडचा,” प्रमिला अंदाजाने सांगायची.

“बाप कोण त्याचा?”

“अहाब.”

“बरोबर. बाप धरून ठेव, म्हणजे पोरगा हरवणार नाही.”

तिने घरातली जुनी पाटी आणून तिच्यावर खडूने मधोमध रेघ मारली होती. डावीकडे उत्तरेचे राजे, उजवीकडे दक्षिणेचे. पण घरी जाताना पाटी पिशवीत घासायची आणि सकाळी निम्मे राजे पुसलेले असायचे. मग पुन्हा पहिल्यापासून.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली, दोंडाईचातली. प्रमिलाचं डी.एड. होऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि नोकरीची ऑर्डर काही येत नव्हती. तिचे वडील भिकन रेल्वेत पॉइंट्समन होते. घर बौद्ध, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी. बायबलशी त्या घराचा काही संबंध नव्हता. पण रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत तोताराम पाळक, चर्चचे निवृत्त धर्मगुरू, एकटे राहायचे आणि त्यांची मुलगी कुंदाताई धुळ्याला परिचारिका होती. ती दर रविवारी एस.टी.ने यायची, बापाचे कपडे धुवायची, आठवड्याची औषधं लावून ठेवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. एका रविवारी ती भिकनच्या दारात येऊन उभी राहिली.

“प्रमिला रिकामी आहे ना? आबांना वाचून दाखवेल का? काचबिंदूने डोळे गेले त्यांचे. दुसरं काही नको, फक्त वाचायचं. मी महिन्याला देईन काहीतरी.”

भिकनने मुलीकडे पाहिलं. “वाचायला काय हरकत आहे? फक्त पटल्याशिवाय मान डोलवू नको.”

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर कुंदाताईने खरी गोष्ट सांगितली. पाळकआबांनी तीसेक वर्षं धुळ्याच्या उन्हाळी वर्गात एकच विषय शिकवला होता, राजे आणि संदेष्टे. संदेष्टे म्हणजे देवाचा निरोप राजाला तोंडावर सांगणारी माणसं. तो वर्ग बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली होती. पण आबांना ते आठवत नव्हतं. वैशाखात पोरं येणार, आपली तयारी झालेली नाही, या काळजीने ते रोज पहाटे उठून बसायचे.

“वाटू दे त्यांना,” कुंदाताई म्हणाली. “तू वाच, ते शिकवतील. त्यांचा दिवस जाईल.”

आबांचा दिवस जाऊ लागला. प्रमिलाचा मात्र दिवसेंदिवस गोंधळ वाढत गेला. एक तर राजे पुष्कळ. त्यातले बहुतेक वाईट. जे चांगले ते मध्येच वाईट निघायचे आणि एखादा अत्यंत वाईट राजा सुखाने म्हातारा होऊन मरायचा. संदेष्ट्यांचंही तसंच. चारशे जण एक सांगायचे, एकटा उलट सांगायचा, आणि खरा कोण ते लढाई संपल्यावर कळायचं. तिला वाटायचं, लढाई संपल्यावर कळून काय उपयोग?

दुसरा गोंधळ आबांचा होता. शिकवताना त्यांची वाणी स्वच्छ असायची. राजांची नावं, त्यांच्या आयांची नावं, कोणी कोणत्या टेकडीवर मूर्ती उभी केली, सगळं तोंडपाठ. पण पुस्तक मिटलं की ते प्रमिलाला विचारायचे, “तू कुणाची?” सकाळी जेवले का ते त्यांना आठवायचं नाही. शेजारणीने डबा आणून दिला की ते तिला चर्चमधली समजून, “मंडळीत सगळे बरे आहेत ना?” असं विचारायचे. ती बिचारी, “बरे शेत, आबा,” म्हणून निघून जायची.

एके दिवशी वाचता वाचता नाबोथाची गोष्ट आली. नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राजा रुसला, भिंतीकडे तोंड करून न जेवता पडून राहिला. मग ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी ठेचून मारवलं आणि नवऱ्याला म्हणाली, ऊठ, जेव, मळा तुझा झाला. राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तर तिथे एलीया संदेष्टा उभा.

प्रमिला पहिल्यांदाच न अडखळता वाचत होती. यात दोन नावांचा घोळ नव्हता. सगळं लख्ख होतं. एलीयाने राजाला काय सुनावलं ते वाचताना तर तिचा आवाजही चढला. पण शेवटी पुन्हा घोटाळा झाला. राजा घाबरला, त्याने अंगावर गोणपाट घेतलं, उपास केला. तेव्हा देव म्हणाला, हा नमला, म्हणून ते अरिष्ट मी याच्या हयातीत आणणार नाही. याच्या मुलाच्या काळात आणीन.

प्रमिला थांबली. “आबा, चूक अहाबाची ना? मग पोराने काय केलं होतं?”

आबा खाटेवर सरळ होऊन बसले. मग म्हणाले, “हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालायचो.”

“मग उत्तर काय?”

“पोरं वेगवेगळं लिहायची. मी सगळ्यांना मार्क द्यायचो.”

त्या दिवशी आबा अस्वस्थ होते. ऊन उतरल्यावर म्हणाले, “मला जरा बाहेर ने.” प्रमिलाने त्यांच्या हातात काठी दिली, दुसरा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि दोघं बाजारपेठेच्या बाजूने निघाले. मिरचीचे दिवस होते. दोंडाईचाच्या बाहेर पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळत घालायच्या मोकळ्या मैदानांवर, नजर पोचेल तिथपर्यंत लाल रंग पसरलेला असायचा आणि गावात शिरलं की अडत्यांच्या दुकानांपुढे पोत्यांच्या थप्प्या. बन्सीलालच्या अडतीसमोर आल्यावर आबांना जोराचा ठसका लागला. ते थांबले. खोकून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि दुकानाच्या दिशेने तोंड केलं. आत गादीवर बन्सीलाल बसला होता. पन्नाशीचा, अंगाने भरलेला, गावात बऱ्यापैकी मान असलेला माणूस.

“मिळाली ना जागा?” आबा म्हणाले.

बन्सीलालने वर पाहिलं. “कोण, पाळकआबा? या, बसा ना.”

“बसायला आलो नाही. जागा मिळाली ना, ते विचारतो. ज्याची होती तो कुठाय?”

पोतं उचललेल्या हमालाने ते पुन्हा खाली ठेवलं. प्रमिलाने आबांचा दंड धरला. “आबा, चला. घरी जाऊ.”

आबांनी दंड सोडवून घेतला. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, ठाम आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही, एवढंच. तो गेला आणि तू त्याच्या जागेत उभा राहून पोती मोजतोस. तुला काही होणार नाही. तू सुखात राहशील. तुझ्या पोरावर येईल.”

आता हा माणूस उठून अंगावर येईल असं प्रमिलाला वाटलं. पण बन्सीलाल उठला नाही. तो पांढरा पडला होता. मागे वजनकाट्याजवळ त्याचा मुलगा उखर्डू उभा होता, बावीस-तेवीस वर्षांचा. तो पुढे झाला आणि म्हणाला, “ए बाई, ने म्हाताऱ्याला. डोकं फिरलंय त्याचं.”

घरी आल्यावर आबा खाटेवर टेकले आणि म्हणाले, “चहा ठेवतेस का?”

“आबा, बन्सीलालभाऊंना काय बोललात तुम्ही?”

“कोण बन्सीलाल?” आबांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाचायला आली तेव्हा बन्सीलाल ओसरीच्या पायरीवर येऊन बसला होता. आबा आत झोपले होते. बन्सीलालचे डोळे लाल झाले होते.

“बाई, एवढं सांगा. त्यांना कुणी सांगितलं?”

“काय?”

“मगनचं.”

मगन हा बन्सीलालचा धाकटा भाऊ. हे नाव प्रमिला पहिल्यांदाच ऐकत होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहून बन्सीलाल आपणहूनच बोलायला लागला. गावाबाहेरची रस्त्यालगतची पथारी मगनच्या वाट्याची होती. चार वर्षांपूर्वी मगनला ताप भरला. बन्सीलाल म्हणाला, धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेतो. पण त्या दिवशी मिरचीचा बाजार होता, गाड्या लागल्या होत्या. त्याने दुसऱ्या दिवशी नेलं. मगन वाटेतच गेला. तेराव्यानंतर बन्सीलालने भावजयीचा, द्रौपदाबाईचा, अंगठा घेतला आणि पथारी आपल्याकडे वळवली. मूलबाळ नव्हतं तिला. आता ती त्याच पथारीवर दुसऱ्या बायकांबरोबर मिरचीचे देठ खुडायला येत होती, मजुरीने.

“मी मारलं नाही त्याला,” बन्सीलाल म्हणाला. “ताप होता. कुणाला माहीत नाही की मी बाजारासाठी एक दिवस थांबवलं. बायकोलाही माहीत नाही. मग या माणसाला कसं कळलं? डोळ्याने दिसत नाही त्याला.”

“आम्ही एक गोष्ट वाचत होतो,” प्रमिला म्हणाली. “त्यातलं काहीतरी त्यांच्या डोक्यात...”

“कोणती गोष्ट? वाचून दाखवा.”

तिने टाळायचा प्रयत्न केला, पण तो हलेना. शेवटी तिने पुस्तक उघडलं आणि नाबोथाची गोष्ट पहिल्यापासून वाचली. शेवटचा भाग गाळावा असं तिच्या मनात आलं होतं. वाचता वाचता तिला थांबायचं भान राहिलं नाही आणि मुलाचं वाक्य तोंडातून निघून गेलं.

बन्सीलालने दोन्ही हातांनी डोकं धरलं. “माझी तीन पोरं गेली, बाई. पाळण्यातच गेली. हा चौथा. जगावा म्हणून उकिरड्यावर ठेवून परत उचलला, म्हणून नाव उखर्डू.” तो उठला, वहाणा पायात घालायचं विसरून रस्त्याला लागला, मग परत येऊन वहाणा घेऊन गेला.

त्याच संध्याकाळी तो द्रौपदाबाईच्या घरी गेला आणि म्हणाला, तुझी पथारी तुला देऊन टाकतो. ही बातमी दुसऱ्या दिवशी सगळ्या दोंडाईचात झाली. कुणी म्हणालं, पाळकाच्या अंगात आलं होतं. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याने जादूटोणा केला. आबांच्या दारासमोरून जाताना दोन-तीन माणसांनी हात जोडलेले प्रमिलाने पाहिले. आबा आत बसून योशीया राजाने मंदिर कसं दुरुस्त केलं ते शिकवत होते.

रविवारी कुंदाताई आली. प्रमिलाने सगळं सांगितलं, बन्सीलालने विश्वासाने सांगितलेलं सोडून. ऐकता ऐकता कुंदाताई भांडी घासायची थांबली.

“गादीवर बसला होता? मिरचीच्या दुकानात?”

“हो.”

“अगं, त्याला अभिमन समजून बोलले आबा.”

आबा शिंदखेड्याला पाळक असताना अभिमन नावाचा एक पंच तिथल्या मंडळीत होता. मिरचीचा व्यापारी. त्याने आपल्या पुतण्याचं विहिरीचं शेत बळकावलं. पुतण्या गाव सोडून गेला तो परत आलाच नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. आबा दर रविवारी अभिमनसमोर उभे राहून उपदेश करायचे, उन्हाळ्यात धुळ्याला जाऊन एलीयाने राजाला कसं तोंडावर सुनावलं ते शिकवायचे, पण अभिमनला कधी काही बोलले नाहीत.

“आई म्हणायची, बोला की. आबा म्हणायचे, वेळ येऊ दे. अभिमन मेला, त्याला जमाना झाला. आता आबांना तो कुठेही दिसतो. मागच्या खेपेला मलाच त्याची बायको समजले.” कुंदाताईने हात धुतले. “त्या बन्सीलालला खरं सांगून टाक, प्रमिला. आजारी माणसाची बडबड आहे ती. तिला देवाचा निरोप समजून कुणी भ्यावं, हे मला चालणार नाही. आबांना शुद्ध असती तर त्यांनाही चाललं नसतं.”

प्रमिलाने घरी येऊन वडिलांना विचारलं. तिला वाटलं, ते लगेच हो म्हणतील. आयुष्यभर त्यांनी अंगात येणं, नवस, अंगारा या सगळ्याविरुद्ध गल्लीत भांडणं केली होती. भिकन ड्यूटीवर जायला निघाले होते. बत्ती पुसता पुसता म्हणाले, “कशाला सांगतेस?”

“म्हणजे?”

“त्या बाईची जागा तिला मिळतेय. मिळू दे आधी.”

“पण बापू, ते खरं नाही. म्हातारा माणूस चुकलाय. तुम्हीच म्हणता ना, भीतीने मानू नका म्हणून?”

“म्हणतो.” भिकन थोडे चिडले. “म्हणतो मी तसं. पण बन्सीलालला भीतीशिवाय दुसरं काय कळणार आहे?” आणि दारातून बाहेर पडता पडता थांबून म्हणाले, “मला विचारू नको. तुला पटेल ते कर.”

ख्रिस्ती कुंदाताई म्हणत होती, यात देव नाही असं सांग. आणि देव न मानणारा बाप म्हणत होता, असू दे थोडे दिवस. प्रमिलाला रडू यायला लागलं. पाटीवर राजांची नावं लिहून मधे रेघ मारता येत होती, इथे रेघ कुठे मारायची तेच कळेना.

ती बाजारपेठेकडे निघाली ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने. पथारीवर द्रौपदाबाई इतर बायकांबरोबर देठ खुडत बसली होती. नाकातोंडाला फडकं बांधलेलं. प्रमिलाला पाहून तिने फडकं सोडलं आणि हाक मारली.

“बाई, तू पाळकआबाकडची ना? आबा घरमा शेत का? माले त्यास्ना पाया पडनं शे.”

“आहेत. या कधीही.”

“काय सांगं व त्यास्नी मन्हा जेठले? माले काहीच समजत नही. चार वरीस तो मन्हाकडे दखे नही, आते स्वतः घर उना.” द्रौपदाबाई हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मिरचीचं की कशाचं, कळत नव्हतं. तिने प्रमिलाला बळेच बशीभर चहा पाजला. तो चहा घशाखाली उतरवताना परत फिरावं असं प्रमिलाला फार वाटलं. पण ती परत फिरली नाही. का फिरली नाही, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

दुकानात बन्सीलाल एकटा गादीवर होता. उखर्डू मागे पोती शिवून घेत होता.

“भाऊ,” प्रमिला उभ्यानेच म्हणाली, “आबांचं चुकलं. त्यांना विसर पडतो. त्या दिवशी तुमच्याशी नव्हते बोलत ते. शिंदखेड्याचा अभिमन म्हणून एक जुना माणूस होता, त्याने पुतण्याचं शेत घेतलं होतं. तुम्ही त्यांना तोच वाटलात.”

बन्सीलाल गादीवर पुढे सरकला. “म्हणजे माझ्याबद्दल नव्हतं?”

“नव्हतं.”

“मगनबद्दल?”

“त्यांना मगन कोण ते माहीतही नाही. कुणी सांगितलं नाही, भाऊ. त्यांच्या मुलीनेच मला पाठवलंय.”

“मी म्हणत होतो ना!” उखर्डू सुई हातात घेऊन पुढे आला. “तात्या, तुम्ही उगाच घाबरले. तिथे गोडाऊन टाकायचं आहे आपल्याला. काकूला काय करायची पथारी?”

बन्सीलाल एकदम मोठ्याने हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. पाणी प्यायला आणि मग त्याचा चेहरा पुन्हा उतरला. “पण बाई, माझ्याच दुकानासमोर का थांबले? एवढी दुकानं आहेत.”

“मिरचीचा ठसका लागला म्हणून.”

“मिरची सगळ्यांच्याच दुकानापुढे आहे.”

“मला माहीत नाही, भाऊ,” ती म्हणाली आणि निघून आली.

पुढचे दिवस तिने भीतभीत काढले. पथारीच्या रस्त्याने ती जात नव्हती. आबांना वाचून दाखवताना ओळी गळायच्या, आबा टोकायचे, “आहाज राहिला. आहाजाशिवाय हिज्कीया कुठून आला?” आपण एका बाईच्या तोंडातला घास काढला, असं तिला वाटायचं. मग वाटायचं, खोट्यावर मिळालेली जागा किती दिवस टिकली असती? मग वाटायचं, जागा टिकते, माणूसच टिकत नाही. कोणताच विचार शेवटपर्यंत जात नव्हता.

आणि एके दिवशी कळलं की बन्सीलालने पथारी मोजून घेतली, मधोमध दगडांची ओळ लावली आणि रस्त्याकडची अर्धी द्रौपदाबाईच्या नावावर करून दिली. अर्धी स्वतःकडे ठेवली. उखर्डूने घरात भांडण केलं, दोन दिवस जेवला नाही, मग उरलेल्या अर्ध्या जागेत गोडाऊनचा पाया खणायला लागला.

ते ऐकून प्रमिलाला हसावं की काय करावं कळेना. पोस्टाजवळ बन्सीलाल समोरून आला तेव्हा तिने विचारूनच टाकलं. “भाऊ, अर्धीच का?”

बन्सीलालने टोपी काढून डोकं खाजवलं. “तुमचं बोलणं अर्धं पटलं, बाई. अर्धं नाही पटलं.” जरा थांबून तो हळू आवाजात म्हणाला, “त्या दिवशीचा बाजार काही फार मोठा नव्हता. सोडता आला असता. हे मला माहीत होतंच ना, कुणी सांगो न सांगो.” आणि मग, व्यवहारातलं एखादं कलम विचारावं तसं त्याने विचारलं, “अर्धी दिली तर चालतं का त्यांच्यात? पोरावरचं टळतं?”

“मला खरंच माहीत नाही.”

“आबांना विचारा.”

तिने विचारलं. आबा ऊन खात बसले होते. “अर्धी परत दिली?” ते विचारात पडले. “कोणत्या राजाच्या वेळी? असं कुठे आलेलं नाही. तू दुसरंच काहीतरी वाचतेस.”

होळीच्या आधी द्रौपदाबाई आली, स्वच्छ लुगडं नेसून, हातात निवडलेल्या मिरचीची पिशवी. तिने आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “कुणाची तू?”

“मगननी बाई, आबा.”

“बरं, बरं. बस. उशीर झाला तुला. वर्ग सुरू झालाय.”

प्रमिलाने डोळ्यांनी खुणावलं की बसलं नाही तरी चालेल. पण द्रौपदाबाई पदर सावरून ओसरीवर बसली. आबा सरसावले. अर्धी जागा परत दिल्याचं प्रमिलाने विचारलेलं त्यांच्या मनात कुठेतरी राहिलं असावं, कारण त्यांनी पुढचं सोडून नाबोथाचीच गोष्ट पुन्हा काढली. राजा कसा भिंतीकडे तोंड करून पडला ते ऐकून द्रौपदाबाई मनापासून हसली. नाबोथाला दगड मारले तेव्हा तिने तोंडाला पदर लावला. एलीया येऊन बोलला तेव्हा ती आबांकडे एकटक बघत होती. आबा थकून मागे टेकले.

द्रौपदाबाईने प्रमिलाच्या कानाशी येऊन विचारलं, “मंग त्या नाबोथनी बाईले मिळनी का जागा?”

इतक्या वेळा वाचूनही हा प्रश्न प्रमिलाच्या मनात आला नव्हता. “तिचं काही लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

“लग्नच नव्हतं व्हयेल का त्यानं?”

“झालं असेल. लिहिलेलं नाही.”

“असं कसं? नीट दख बरं.”

प्रमिलाने पुस्तक मांडीवर ओढलं आणि मागची पुढची पानं उलटायला लागली. पानांचा आवाज ऐकून आबांनी डोळे उघडले. “काय शोधतेस?”

“नाबोथाची बायको, आबा.”

आबा आढ्याकडे तोंड करून आठवत राहिले. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या, ओठ पुटपुटायला लागले, एकेका राजाचं, एकेका राणीचं नाव घेत ते मागे मागे गेले. “थांब,” ते म्हणाले. “थांब जरा. आठवेल.”

द्रौपदाबाईला पथारीवर जायचं होतं, तिथे आता तिची स्वतःची मिरची पडली होती. ती उठली, पिशवी चुलीजवळ ठेवून आली आणि दारात उभी राहून थोडा वेळ वाट पाहत होती. मग म्हणाली, “सापडनं ते सांगज्यो, बाई.”

“सांगते,” प्रमिला म्हणाली, आणि तिने पुढचं पान उलटलं.